वेलीचं शेवटचं पान

बाळाला कसंबसं झोपवून ती शिवणाच्या खोलीत आली. बाळाची छोटी गोधडी चौकटीत ताणलेलीच होती. नवं कॉम्प्युटरवालं मशीन शिकवताना जाऊबाईंनी बजावलं होतं, "नक्षी निवडायची, गोधडीचे चार कोपरे त्याला दाखवायचे नि गप्प उभं राहायचं. ते तुझ्यापेक्षा हुशार आहे."

तिने पानांची वेल निवडली, कोपरे दाखवले, बटण दाबलं. सुई सरसर धावली आणि कापडावर वेल उमटत गेली. चला, जमलं की!

एकच पान उरलं तेव्हा, खालचे टाके नीट बसलेत ना हे बघायला तिने मशीन थांबवलं आणि वाकून गोधडीची मागची बाजू पाहिली.

तिथे वेल नव्हती. टाक्यांत उमटलेलं, कुशीवर झोपलेलं बाळ होतं. मूठ गालाशी, एका पायातला मोजा निसटलेला. आत्ता झोपवताना तिने तो तसाच राहू दिला होता. चेहऱ्यावर फक्त तोंड शिवायचं राहिलं होतं.

"अहो जाऊबाई, हे काय शिवलंय यानं?"

"वेलच असेल," जाऊबाई बाहेरूनच म्हणाल्या. "तुला कधी काही सरळ दिसलंय?"

तिने कात्री घेतली आणि पायाजवळचा एक टाका कापला.

पलीकडच्या खोलीत बाळ किंचाळलं.

कात्री तिच्या हातातून गळून पडली. जाऊबाई आत आल्या. "अर्धवट काय सोडतेस? एवढं पान होऊ दे, मग होईल ते गप्प."

"नको! हात लावू नका!"

त्यांनी बटण दाबलं. सुई खाली उतरली, आणि बाळाचं रडणं मध्येच तुटलं.