रिकामं कव्हर

"माझ्या अंत्यविधीला तीच निळ्या कव्हरची रेकॉर्ड लाव," असं माझ्या बायकोनं, ग्लेनिसनं मला बजावलं होतं. अकराला जिलाँगच्या चर्चमध्ये पोचायचं होतं आणि कव्हर रिकामं निघालं. रेकॉर्ड्सनी भरलेले दुधाचे क्रेट मी एकामागून एक उपडे केले. वर्षानुवर्षं न ऐकलेल्या, आम्हा दोघांच्या लाडक्या रेकॉर्ड्स हाती येत होत्या आणि मी त्या भिरकावत होतो.

"डॅड, चल ना! फोनवर लावू तीच गाणी," आमची ब्रोन्वेन दारातून ओरडली.

"तुझ्या आईला फोनवरचं गाणं कधी आवडलंय का?" मी खेकसलो.

शेवटी ग्लेनिसच्या खुर्चीत बसलो, तर शेजारच्या प्लेअरच्या धुळकट झाकणाखाली ती रेकॉर्ड दिसली.



ग्लेनिस दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी, "बास कर आता," म्हणत अर्ध्या गाण्यात सुई मीच उचलली होती.