ओट्यावरचा दिवा

नवऱ्याचे कान गेले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून दाराची बेल, फोन, कुकरच्या शिट्ट्या, चालू राहिलेला नळ, सगळं तिनेच ऐकायचं आणि उठून त्याला सांगायचं. यापायी ती बहिणीकडेही कधी मुक्कामाला राहिली नाही.

आज इलेक्ट्रिशियन घरात दिवे बसवायला आला होता. बेल वाजली की हे दिवे लुकलुकणार होते. पहिला दिवा तो स्वयंपाकघरात ओट्याच्या वर बसवायला लागला, तशी ती वैतागली.

"अहो, इथे कशाला? ते या खोलीत पाऊलही टाकत नाहीत. इथे मी असते ना, धडधाकट!"

"काकांनीच सांगितलंय, काकू. इथला आधी लावा म्हणाले."

ती तरातरा बाहेर गेली आणि नवऱ्यासमोर उभी राहून तिने हातानेच विचारलं, कशाला?

त्याने पेपर बाजूला ठेवला. "कुरिअरवाला या महिन्यात तीनदा परत गेला. काल धाकट्या लेकीचा मेसेज आला, दहा मिनिटं बेल वाजवून गेली म्हणे. तू घरातच होतीस. मग सकाळी मी तुला मागून हाक मारून पाहिली. दोनदा."

ती मटकन त्याच्याशेजारी बसली. मग त्याला ओठ वाचता यावेत म्हणून तोंड वर करून सावकाश म्हणाली, "मला वाटलं, हल्ली आपल्याकडे कोणी येतच नाही."