चहापुरता वेळ

आई-बाबा वेगळे झाल्यापासून बाबा मला फक्त शनिवारी भेटतो, आणि तेही ग्लासगोतल्या त्याच्या ऑफिसात, कारण शनिवारीही त्याला सुट्टी नसतेच. पण त्याचा हास्केल या संगणक-भाषेतला प्रोग्राम इतका रडतखडत चालायचा, की तो संपेपर्यंत आम्ही खिडकीत बसून चहात शॉर्टब्रेडची बिस्किटं बुडवायचो आणि पोटभर गप्पा हाणायचो.

मग शाळेत लेनक्स मिसनी रिकर्शन शिकवलं आणि माझी ट्यूब पेटली! बाबाचं फंक्शन स्वतःलाच हाका मारत तेच तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवत होतं. एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवलं की काम फत्ते! पुढच्या शनिवारी मी त्यात दोन-चार ओळी बदलल्या आणि चहा ओतून होण्याआधीच उत्तर स्क्रीनवर!

"बघितलंस, म्हातारोबा? आहे की नाही लेक हुशार?"

बाबाने हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "आहेच माझी राणी हुशार."

तेवढ्यात त्याचे साहेब डोकावले. "अरे वा फर्गस, झालंसुद्धा? मग हे पुढचंही आजच घे."

चहा तसाच गार झाला. आता दर शनिवारी होतो.

तरी शाळेत मी मिससमोर फुशारकी मारलीच, "बाबाला इतकं साधं सुचलं नव्हतं, मिस! मी करून दिलं."

 

मिस हसायलाच लागल्या. "कुणाला, फर्गस सरांना? अगं, युनिव्हर्सिटीत ही युक्ती मला त्यांनीच तर शिकवली!"