खणातलं पत्र

"सर, लिवायबाईंचा व्हिसा मार्चअखेर संपतोय," कारकून ओनुकीबाई म्हणाल्या.

जपानमधल्या त्या शाळेत जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता. उपमुख्याध्यापक मुनेकातांनी एका हाताने चहा सांभाळत, फिरत्या फाइलीतल्या सात-आठ कागदांवर सहीऐवजी आपला नावाचा लाल शिक्का पटापट उमटवला. त्यांचा शिक्का दिसला की त्यांच्यानंतरचं कुणी कागद वाचायच्या भानगडीत पडत नसे. त्यांनी फाइल पुढच्या टेबलावर सरकवली.

"मुदतवाढीसाठी शाळेचं पत्र माझ्या खणात तयार आहे. त्यांना मागू देत."

"देऊन टाका की!"

"आणि त्यांना घरी जायचं असेल तर? आपण पत्र पुढे केलं, की त्या बिचाऱ्या नाही म्हणणार नाहीत."

लिवायबाई फिलिपाइन्सच्या. चार वर्षं इथे इंग्रजी शिकवत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुख्याध्यापकांकडे सगळ्यांदेखत रजा मागितली, तेव्हा मुनेकातांनीच त्यांना बाजूला घेतलं होतं. "बाई, इथे तोंडावर काही मागत नाहीत. कागदावर लिहून फाइलीतून फिरवतात." त्यानंतर बाईंनी स्वतःच्या नावाचा शिक्काही करून घेतला. त्याचं मुनेकातांना फार कौतुक होतं.

फेब्रुवारीत बाई जिन्यात थांबल्या. "सर, माझ्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही ना?"

"छे हो! चार वर्षं खूप केलंत तुम्ही आमच्यासाठी."

बाई नमस्काराला वाकून म्हणाल्या, "कळलं, सर."

मार्चमध्ये निरोप समारंभ झाला. मुलं रडली, बाईही रडल्या. स्टेशनवर गाडी दिसेनाशी होईपर्यंत मुनेकाता वाकून उभे होते. परत येताना त्यांना बाईंचा रागच आला. एका शब्दाने तरी म्हणायचं होतं! पत्र त्यांनी फाडलं नाही, खणातच राहू दिलं.

एप्रिलमध्ये ओनुकीबाई फिरत्या फाइलीतले जुने कागद बांधायला बसल्या. त्यातला एक घेऊन त्या मुनेकातांच्या टेबलाशी आल्या आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

'मला याच शाळेत राहायचं आहे. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पत्र मिळावं, ही विनंती. लिवाय. ९ जानेवारी.'

खाली अकरा लाल शिक्के होते. पहिला मुनेकातांचा.