मामांचा डोळा

दसऱ्याला मालेगावहून एसटीच्या खिडकीशी बसून आलेल्या हिरामणमामांच्या अर्ध्या तोंडावरून वारं गेलं. उजवा डोळा मिटायचा, डावा उघडाच राहायचा. बघणाऱ्याला वाटायचं, मामा डोळा मारतायत. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "हा मेंदूचा लकवा नाही. चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय, गोळ्यांनी उतरेल."

तुळशीचं लग्न लागलं आणि मामांच्या भाच्यासाठी, भाऊसाहेबासाठी, स्थळं यायला लागली. पोरगा सातपूरला कंपनीत पर्मनंट. बोलणी करायला मामाच पुढे, कारण त्यांच्या शब्दाला सगळ्या भावकीत मान.

सिन्नरच्या पाहुण्यांनी विचारलं, "पोराला काही व्यसन?"

"सुपारीचं खांडसुद्धा नाय," मामा म्हणाले, आणि त्यांचा उजवा डोळा मिटला.

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. पुढच्याच आठवड्यात निफाडचं स्थळही असंच गेलं. त्या दुःखात भाऊसाहेब रोजच्यापेक्षा जरा जास्तच पिऊन घरी आला.

मग मात्र त्याची आई, चतुराबाई, भावाला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. "डॉक्टर, आधी याचं तोंड सरळ करा. याच्या डोळ्यापायी माझ्या पोराचं लग्न जमंना."

डॉक्टरांनी मामांना गाल फुगवायला लावले, दात दाखवायला लावले, डोळे मिटायला लावले. मग बुचकळ्यात पडून चतुराबाईंकडे पाहिलं.



"अहो, हे तर दिवाळीतच ठणठणीत झालेत. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."