कवळीचं माप

मैनाबाईंची जुनी कवळी हिरड्यांना टोचत होती. नवी करायची म्हणून कळवणहून नाशिकला आलेल्या मैनाबाईंच्या जबड्याची हालचाल डॉक्टर वल्लरी मोजत होती. हनुवटीला सेन्सर लावला होता. तोंड उघडलं की जबडा कसा सरकतो, त्याची रेघ स्क्रीनवर उमटायची.

"मावशी, मोठा आ करा."

तोंड जेमतेम उघडलं. रेघ डावीकडे वळून तिथेच थांबली.

"सैल सोडा जरा."

पुन्हा तेच.

"डॉक्टरीणबाई सांगता तसं कर ना," शेजारच्या खुर्चीवरून त्यांचा नवरा पुंजा म्हणाला. मैनाबाईंचं तोंड उघडं होतं तेवढंही मिटलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. दार लागलं. वल्लरीने पुन्हा आ करायला सांगितलं. या वेळी तोंड पूर्ण उघडलं. रेघ सरळ खाली गेली आणि सरळ वर आली. परत करून पाहिलं, तरी तशीच.

वल्लरी बंद दाराकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, हे तुमचं खरं माप. कवळी याच मापाची करू."

"नको ताई," मैनाबाई म्हणाल्या. "मागच्या डॉक्टरनं बी हे बाहेर असतानाच माप घेतलं व्हतं. ती कवळी दवाखान्यात नीट बसली, अन् घरी जेवाया बसले का टोचायची. ह्यांना आत बोलवा, मग माप घ्या."