अंधारातली प्लेट

"अंधारातली प्लेटसुद्धा दुरुस्त झालीय." सरांनी निकालाचा कागद टेबलावर टाकला. "वर्षभराचं काम पाण्यात!"

ती कागदाकडे न बघताच उभी राहिली. हातातल्या पेनाचं टोपण उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. दोन आठवडे तिची झोप उडाली होती.

तिच्या धाकट्या बहिणीच्या पेशींमध्ये डीएनएचं एक अक्षर चुकलेलं होतं. एकच! पण तेवढ्यापायी पोरीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागे. म्हणून हिनं आणि सरांनी डीएनएचा एक चिमुकला तुकडा बनवला होता. तो बरोबर त्या चुकलेल्या अक्षरापाशी जाऊन बसे आणि नुसता बसून राही. निळा प्रकाश पडला, की मगच तो अक्षर बदले. प्रत्येक वेळी बहिणीच्या पेशींच्या दोन प्लेटी असत. एक निळ्या दिव्याखाली, दुसरी पडताळ्याला अंधाऱ्या खोलीत. दिव्याखाली अक्षर बदले खरं, पण त्या माऱ्यानं दहातल्या आठ पेशी मरत. घोडं तिथेच अडलं होतं. याहून मंद दिवा चालणारच नाही, असं सरांचं गणित होतं.

"प्रकाश नसतानाही काम करणारा तुकडा कुणाच्या अंगात सोडायचा? लगाम नाही त्याला," सर म्हणाले. "उद्यापासून हे बंद. तुझ्या बहिणीच्या पेशी परत फ्रीझरमध्ये."

आता मात्र तिनं पेनाचं टोपण घट्ट लावलं. अंधारातली प्लेट का दुरुस्त झाली, ते तिला माहीत होतं.

अंधाऱ्या खोलीत फोन न्यायचा नाही, अशी दारावर पाटीच होती. मागे एकानं नेला, तर सरांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. पण या प्लेटी ठेवल्या त्या दिवशी बहीण रक्त चढवून घ्यायला गेलेली. आदल्या खेपेला तिला तिथे चक्कर आली होती. हिच्या जिवाला चैन कुठली? हिनं फोन खिशातून नेला, आवाज बंद करून प्लेटशेजारी ठेवला आणि दिव्याच्या खोलीतून सरांची हाक आली तशी धावली. फोन तिथेच! परत येऊन बघते तर सात मिस्ड कॉल. ती गप्प बसली. आपल्याला काढलं तर बहिणीच्या पेशींपाशी कोण उभं राहणार, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आणि आता त्याच पेशी फ्रीझरमध्ये चालल्या होत्या.

"सर, तुकडा बरोबर आहे. चूक माझी आहे. मी फोन आत नेला होता. प्लेटच्या शेजारी सात वेळा पेटला तो. मला काढा, पण काम बंद करू नका. हात जोडते!"

सरांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी कागदच उचलला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"जिवंत पेशी. दिव्याखालच्या प्लेटमध्ये शंभरातल्या एकवीस. अंधारातल्या..." बोट थांबलं. "सत्त्याण्णव. अगं, मी हे वाचलंच नाही. अंधारात पेशी जगणारच, त्यात काय बघायचं!"

अक्षर बदललं होतं आणि पेशी जिवंत होत्या. टिचभर पडद्याच्या निळसर उजेडात.

"फोन कुठाय?"

"बाहेर, ट्रेमध्ये."

"आण. दोन नव्या प्लेटी काढ. एक फोनपाशी, दुसरी या वेळी खऱ्या अंधारात."

"आणि माझी नोकरी?"

"त्याचं नंतर बघू. आधी फोन आण, बाई!"

प्लेटी जागच्या जागी ठेवून तिनं अंधाऱ्या खोलीच्या दारातून बहिणीला फोन लावला.

"अगं बाई, ताईसाहेबांना सवड मिळाली!" पलीकडून बहीण कडाडली. "मागच्या खेपेला तिथे एकटी पडून होते. सात वेळा लावला, सात वेळा! एकदा तरी उचललास का?"

तिनं आतल्या प्लेटकडे पाहिलं.

"राग नंतर काढ," ती म्हणाली. "आता ठेव आणि पुन्हा लाव. सातच्या सात वेळा लाव, राणी. मी उचलणार नाही."